चौल-रेवदंडा: तुमचे अनुभव, तुमच्या घरच्या कथा

रेवदंडा 1740 मध्ये मराठ्यांकडे आलं, त्याआधी दोनशेहून अधिक वर्षं इथे पोर्तुगीज होते. लढाया आणि तह पुस्तकांत सापडतात. घरात ऐकलेलं, स्वतः हिंडून पाहिलेलं मात्र कुणी लिहून ठेवत नाही. ते इथे लिहा, दोन ओळी असल्या तरी चालतील.

रेवदंड्याची माहेरवाशीण
आमची वाडी तटाच्या आतच. सगळीकडे नारळी-पोफळी, म्हणून किल्ल्याला आगरकोटही म्हणतात. पाहुणे आले की त्यांना आधी दरवाज्यावरचं पोर्तुगीज राजचिन्ह दाखवायचं, मग सातखणी बुरूज. बुरूज म्हणतात खरं, पण तो सेंट बार्बराच्या चर्चचा मनोरा. सात मजले आता उरलेले नाहीत. भिंतींत झाडांची मुळं शिरलेली बघितली की जीव तुटतो. ती वेळेवर काढायलाच हवीत.

कोर्लईकर
आमच्या डोंगरावरचा किल्ला पोर्तुगीजांनी निजामशाहीकडून 1594 मध्ये घेतला. वरून कुंडलिका नदीचं मुख दिसतं, सगळे त्याचे फोटो काढतात आणि परत फिरतात. खाली गावातही या की! माउंट कार्मेलचं चर्च बघा, आणि आमची बोली ऐका. पोर्तुगीज आणि मराठीच्या मिश्रणातून झालेली ही 'नॉ लिंग' आम्ही घरात बोलतो. माझा मुलगा उत्तर मराठीतच देतो, तरी मी त्याच्याशी नॉ लिंगच बोलते. गावाबाहेर ती कुठे बोलणार?

चौलहून
तीनशे साठ देवळं, तीनशे साठ तळी, असं आमच्याकडे सांगतात. रामेश्वराच्या मंडपात झाकलेलं पर्जन्यकुंड आहे. पाऊस लांबला की ते उघडायचं, अशी श्रद्धा.

ठाण्याहून, मूळ अलिबागकडचे
आम्ही बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले ज्यू. जहाज फुटलं, सात जोडपी नवगावच्या किनाऱ्याला लागली, ही कथा आमच्यातल्या प्रत्येक मुलाला पाठ असते. पूर्वज तेलघाणे चालवत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून लोक त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. पण माझी आवडती जागा अलिबागजवळच्या खंडाळ्याचा कातळ. आमचे प्रेषित एलियाहू हनाबी रथातून तिथे उतरले, चाकांची खूण दगडावर उमटली, असं आम्ही मानतो. नवस फेडायला तिथे मलिदा करतात: पोहे, ओलं खोबरं, साखर, फळं. इस्रायलहून नातेवाईक आले की सगळ्यात आधी तिथेच जायचं म्हणतात.