अमेरिकेतल्या बायकांना मतासाठी 72 वर्षं का लागली?

धरमपेठकर: वाचन मंडळात रविवारी अर्धा तास या विषयावर बोलायचंय. 1848 ची सेनेका फॉल्सची स्त्री-हक्क परिषद आणि 1920 चा मताधिकार, दोन्ही टोकं ठाऊक आहेत. मधे काय सांगू? परिषदेत मताधिकार चळवळीच्या नेत्या सुझन अँथनी होत्या ना?

बर्डीवाला: नव्हत्या. ही चूक सगळेच करतात. परिषद भरवणाऱ्यांपैकी एक एलिझाबेथ स्टँटन आणि अँथनी यांची भेटच 1851 ची. परिषदेच्या जाहीरनाम्यावर सह्या 100: बायका 68, पुरुष 32. मताधिकाराचा ठराव तिथंही जेमतेम तरला, गुलामगिरीतून सुटलेले कृष्णवर्णीय नेते फ्रेडरिक डग्लस बाजूनं बोलले म्हणून.

मधला काळ सह्यांच्या मोहिमांवर बोला. गुलामगिरी घटनेनंच संपवा म्हणून स्टँटन आणि अँथनी यांच्या संघटनेनं जवळपास 4 लाख सह्या जमवल्या. पहिल्या 1 लाखाचे गठ्ठे फेब्रुवारी 1864 मध्ये दोन कृष्णवर्णीय पुरुषांनी उचलून सिनेटमध्ये आणले. दारोदार फिरणं, वर्गणी, सभा चालवणं, सगळा सराव अशा कामांत झाला. पुढे 15 व्या घटनादुरुस्तीत वंशावरून मत नाकारायला बंदी आली, स्त्रीपुरुष भेदाचा शब्दही नाही. त्यावरून 1869 मध्ये चळवळ दुभंगली, जुळायला 1890 उजाडलं.

महालची मावशी: भाऊ, दारूबंदी राहिली की! ख्रिस्ती महिलांची दारूबंदी संघटना 1874 ची. फ्रान्सिस विलार्ड 1879 मध्ये अध्यक्ष झाल्या आणि ‘घर वाचवायला मत हवं’ असा मुद्दा त्यांनी रेटला. सभेला जायला बिचकणाऱ्या घरंदाज बायकांनाही तो पटला. तोटा एवढाच, की दारूवाले मताधिकाराच्या विरोधात पैसा ओतू लागले. पंडिता रमाबाई 1886 मध्ये तिकडे गेल्या, तिथल्या समाजावर त्यांनी मराठीत पुस्तकही लिहिलं. मंडळात तिथूनच सुरुवात करा.

धरमपेठकर: आणि शेवटी अडलं कुठं, मावशी?

महालची मावशी: आकड्यांत. बायकांच्या मतासाठी घटनादुरुस्ती हवी होती: आधी संसदेच्या दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मतं, मग 48 पैकी 36 राज्यांची मंजुरी. छत्तिसावं टेनेसी. ऑगस्ट 1920, तिथल्या विधिमंडळात विरोधकांच्या कोटाला लाल गुलाब, समर्थकांच्या पिवळा. ठराव बाजूला सारायच्या सूचनेवर आमदारांची मतं 48-48. चोवीस वर्षांचा आमदार हॅरी बर्न याच्या कोटाला लाल गुलाब, खिशात मात्र ‘मताधिकाराला साथ दे’ असं आईचं पत्र. मंजुरीच्या मतदानात त्यानं ‘हो’ म्हटलं.

बर्डीवाला: फलकावर ‘1920: सर्व स्त्रियांना मत’ लिहू नका. दक्षिणेत मतदान-कर आणि साक्षरतेच्या परीक्षा लावून कृष्णवर्णीय बायकांना बाहेरच ठेवलं होतं. तो अडसर मोडणारा केंद्राचा कायदा 1965 चा.