पट्टेरी कोंबडा, आरआयआर माद्या: सगळ्याच पिलांच्या डोक्यावर ठिपका

दिंडोरीकर:
प्लायमाउथ रॉक जातीचा पट्टेरी कोंबडा आरआयआरच्या (ऱ्होड आयलंड रेड, तांबडी जात) माद्यांवर सोडलाय. ४२ पिलं निघाली, सगळी काळी आणि सगळ्यांच्या डोक्यावर पांढरा ठिपका. पहिल्याच दिवशी नर-मादी वेगळे करायचे होते. चुकतंय कुठे?

निफाडचं खुराडं:
भाऊ, जोडी उलटी लागलीय. डोक्यावरचा ठिपका पट्ट्यांच्या जनुकाने येतो, आणि ते झेड या लिंग ठरवणाऱ्या गुणसूत्रावर असतं. कोंबड्याकडे झेड दोन, कोंबडीकडे एकच. शुद्ध पट्टेरी कोंबडा ते प्रत्येक पिलाला देतो. कोंबडी मात्र आपलं झेड फक्त नरपिलांना देते. म्हणून कोंबडा आरआयआरचा आणि माद्या पट्टेरी घ्या. मग ठिपकेवालं पिलू नर, काळ्याभोर डोक्याची ती तलंग, म्हणजे मादी.

जुना कोंबडा काढल्यावर तीन आठवड्यांची अंडी उबवायला लावू नका, खायला काढा. कोंबडीच्या पोटात आधीच्या नराचं बीज दोन-तीन आठवडे टिकतं.

ठिपका टाळूवर बघायचा, लव पूर्ण वाळल्यावर आणि चांगल्या उजेडात. पोटाखालची फिकट लव दोघांनाही असते, तिच्यावरून ठरवू नका.

दिंडोरीकर:
आरआयआरऐवजी पांढरा लेगहॉर्न किंवा गावरान कोंबडा चालेल का?

सिन्नर गावरान:
लेगहॉर्न अजिबात नको. त्याचं प्रबळ पांढरं जनुक काळा रंग उमटूच देत नाही, आणि पांढऱ्या पिसांखाली बऱ्याचदा पट्ट्यांचं जनुकही दडलेलं असतं. पिलं पांढरी निघतील, फार तर कुठे काळा शिंतोडा. ठिपका दिसायचा कशावर?

गावरान चालेल, अंगावर पट्टे नसलेला आणि पांढरा नसलेला बघून घ्या. ठिपका काळ्या लवेवरच स्पष्ट उठतो. तो काळा रंग वेगळ्या जनुकाचा. इथे तो आईकडून येतो आणि बापाच्या तांबड्यावर मात करतो. तलंगा वाढल्या की मानेवर तांबूस पिसं उतरतात, तो दोष नाही.

कडकनाथ कोंबडाही चालतो. त्यात गंमत अशी की कातडीचा काळेपणा दाबणारं जनुकही झेडवरच असतं, आणि पिवळ्या पायांच्या पट्टेरी माद्यांकडे ते असतं. त्यामुळे नरांची कातडी उजळ पडते, तलंगांची काळी. काळ्या मांसाचे कोंबडे विकायचे असतील तर हा संकर उपयोगाचा नाही.

आणि या पिलांची आपसात जोडी लावू नका. नराकडे पट्ट्यांची एकच प्रत असते, ती पुढच्या पिढीत निम्म्या नरांना आणि निम्म्या माद्यांनाही जाते. ठिपक्यावरून काहीच कळत नाही. शुद्ध पट्टेरींचं एक खुराडं, त्यांच्याच पट्टेरी कोंबड्यासह, कायम वेगळं राखा.