शब्दचर्चा : पुनरुत्थान, वल्हांडण, पास्का

प्रश्न (पुणे) : आमच्या घरी 'ईस्टर' हाच शब्द चालतो. परवा धाकटीने विचारलं, "ईस्टर म्हणजे येशूचा पुनर्जन्म ना? मैत्रीण म्हणाली." नाही म्हटलं, पण पुढे शब्द सुचेनात. पुनर्जन्म, पुनरुज्जीवन आणि पुनरुत्थान यांत फरक काय? घरात सणाला काय म्हणावं? रंगीत अंडी आणि चॉकलेटचे ससे आले, की मूळ गोष्ट मागे पडते, म्हणून विचारते.

उत्तर (वसई) : ताई, पुनर्जन्म तर नक्कीच नाही. पुनर्जन्मात देह बदलतो. इथे त्याच देहावर खिळ्यांचे वण आहेत आणि त्याचा शिष्य थोमा ते पाहतो. 'पुनरुज्जीवन' वर्तमानपत्रांत सर्रास दिसतं, पण तो शब्द येशूने मेल्यावर उठवलेल्या लाजराला लावावा. लाजर कबरेतून बाहेर आला तो याच आयुष्यात परत आला, म्हणजे पुढे त्यालाही मरण होतंच. ख्रिस्ताला पुन्हा मरण नाही, म्हणून पुनरुत्थान. धाकटीला हा जोडशब्द जड वाटेल. तिला सरळ सांगा, 'येशू मेला आणि तिसऱ्या दिवशी उठला.' सुवार्तांच्या मूळ ग्रीकमध्येही झोपेतून उठण्याचंच क्रियापद आहे, त्यामुळे हे सोपं करून सांगणं मुळाला धरूनच आहे.

सणाचं नाव म्हणाल तर 'पास्काचा सण' म्हणा. 'ईस्टर' हे नाव इंग्रजीतलं. आठव्या शतकातला बीड नावाचा इंग्रज मठवासी ते एओस्त्रे या देवीच्या महिन्याशी जोडतो. फ्रेंच, इटालियन, पोर्तुगीज या भाषांत मात्र आजही पास्काशी नातं सांगणारीच नावं आहेत.

उत्तर (नगर) : पास्का म्हणजेच आपल्या मराठी बायबलातलं 'वल्हांडण'. ओलांडणे, वलांडणे या क्रियापदाच्या घरातला शब्द. मिसर देशात (इजिप्तमध्ये) कोकराचं रक्त लावलेल्या दारांवरून परमेश्वर ओलांडून गेला, त्याची ही आठवण. बायबलातल्या 'निर्गम' या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायात हा सण घरातच पाळायचा आहे. घरटी एक कोकरू, आणि घर लहान असेल तर शेजारच्या घरासोबत मिळून. मुलं विचारतील की या विधीचा अर्थ काय, तेव्हा त्यांना काय सांगायचं तेही तिथेच दिलंय. ताई, तुमच्या धाकटीने नेमकं तेच केलं! प्रेषित पौलाने ख्रिस्ताला आपलं वल्हांडणाचं कोकरू म्हटलं, ते याच अर्थाने. म्हणून मला वाटतं, शनिवारी रात्री जेवणाआधी तो अध्याय घरात मोठ्याने वाचावा आणि प्रश्न सगळ्यांत लहान मुलाने विचारावा. तारीखही पौर्णिमेनंतरच्या रविवारची, म्हणून पुष्कळदा ती चैत्री पौर्णिमेच्या आगेमागे येते.

उत्तर (वसई) : वाचनाचं उत्तम सुचवलंत. फादर स्टीफन्स यांचं 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली गोव्यातल्या रायतूरला छापलं गेलं. त्याच्या दुसऱ्या पुराणात ख्रिस्तचरित्र आहे, तेही ओवीत. आजीआजोबा असतील तर त्यांना वाचायला सांगा. जुनी मराठी आहे, मुलांना सगळी कळणार नाही, पण ओवीची चाल कानावर राहते.

अंड्यांना मात्र घराबाहेर काढू नका. पूर्वी उपवासकाळात अंडी वर्ज्य असत, म्हणून सणाला ती आनंदाने खाल्ली जात. कवच फोडून पिलू बाहेर येतं, तशी कबर उघडली, एवढं सांगितलं की अंडं शिकवायच्या कामी येतं. सशाबद्दल मला असं काही सांगता येत नाही.

उत्तर (मुंबई) : एक भर. 'गुड फ्रायडेच्या शुभेच्छा' असे संदेश फिरतात, ते कृपया थांबवा. उत्तम शुक्रवारातला 'उत्तम' पवित्र या अर्थाचा आहे. तो वधस्तंभाचा दिवस. त्या दिवशी शुभेच्छा देत नाहीत. रविवारी द्या, नाहीतर जुनं अभिवादन करा : एकाने म्हणायचं 'ख्रिस्त उठला आहे', दुसऱ्याने 'खरोखर उठला आहे'.

प्रश्न (पुणे) : हे अभिवादन या वर्षीपासूनच सुरू करते. निर्गमाचा अध्याय पूर्ण वाचावा, की सत्ताविसाव्या वचनापर्यंत पुरे?

उत्तर (नगर) : लहान मुलं असतील तर सत्ताविसापर्यंतच.