बरोबरी म्हणजे कच खाणे नव्हे

लेथवे या म्यानमारच्या मुष्टियुद्धातली लढत बरोबरीत सुटली की दोघांनीही कच खाल्ली, असे काही जण म्हणतात; हे मत मला पटत नाही. पारंपरिक नियमांत गुण मोजलेच जात नाहीत. हातांना नुसत्या कापडी पट्ट्या बांधून, डोक्याच्या धडकाही झेलत दोघे पाच फेऱ्या उभे राहिले, तर निकाल बरोबरीचाच लागतो आणि माझ्या मते तेवढे टिकणे हेच मोठे कर्तृत्व आहे. म्यानमारचा विजेता तुन तुन मिन आणि कॅनडाचा डेव्ह लेडुक यांची २०१६ मधील पहिली लढत अशीच सुटली होती. त्याच वर्षी डिसेंबरात यांगूनला झालेल्या दुसऱ्या लढतीत मात्र पायाच्या दुखापतीमुळे तुन तुन मिनला तिसऱ्या फेरीत थांबावे लागले आणि खुल्या वजनगटाचा मानाचा पट्टा प्रथमच परदेशी खेळाडूकडे गेला.