मदत हवी आहे: चांदीचे ठिपके १० हवेत, ६-७च दिसताहेत

अधीरमन:
चार दिवस तोच घोळ. गुणसूत्रांवरच्या केंद्रिका (केंद्रकातला रायबोसोम बनवणारा भाग) घडवणाऱ्या जागा मोजायच्यात. त्यासाठी चांदीचं रंजन केलं, म्हणजे त्या जागा काळ्या ठिपक्यांसारख्या दिसतात, आणि स्लाइड बघितल्या. पुस्तकात १० लिहिलंय, मला कुठे ६, कुठे ७. परवा प्रोजेक्ट द्यायचाय. काय चुकतंय? लवकर सांगा प्लीज.

सूक्ष्मदृष्टी:
पेशी कशाच्या? मध्यावस्थेतली (पेशी विभागताना आखूड झालेली) गुणसूत्रं मोजताय की अख्खी केंद्रकं? केंद्रकात केंद्रिका एकमेकींत मिसळतात, तिथे आकडा कमीच येणार.

अधीरमन:
माणसाच्याच हो, रक्तातल्या लिम्फोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी). मध्यावस्था. १३, १४, १५, २१, २२ या गुणसूत्रांच्या जोड्या, प्रत्येकावर अशी एक जागा, म्हणून १०.

जुनी_लॅब:
चांदीच्या द्रावणातलं जिलेटिन ताजं करा. १ टक्का फॉर्मिक आम्लात २ टक्के जिलेटिन, त्याचा एक भाग, ५० टक्के सिल्व्हर नायट्रेटचे दोन भाग, ७० अंश तापमान. स्लाइड सोनेरी-तपकिरी झाली की लगेच धुवायची. आम्ही वर्षानुवर्षं असंच केलं.

गुणसूत्री:
जिलेटिनचा इथे काय संबंध? द्रावण बिघडलं तर स्लाइडभर काळे कण पडतील. चांदी डीएनएला धरतच नाही, तिथल्या प्रथिनांना धरते. ज्या जागेवरची रायबोसोमल जनुकं (रायबोसोमचं आरएनए बनवणारी) विभाजनाआधी चालू होती, तीच काळी होते. बंद जागा कोरी. १० पेक्षा कमी येणं अगदी नेहमीचं आहे.

प्रोबप्रेमी:
चांदी सोडा, फिश करा (जनुकाला चिकटणारा चमकता डीएनए तुकडा, म्हणजे प्रोब, वापरून बघायची पद्धत). जनुकं चालू असोत की बंद, ठिपका दिसतोच.

गुणसूत्री:
परवापर्यंत प्रोब कुठून येणार? शिवाय फिशने चालू किती ते कळणार नाही.

प्रोबप्रेमी:
चालू किती हे विचारलंय कोणी? त्यांना १० मोजायचेत.

कणीस:
मक्यात ही जागा एकच, ६ व्या गुणसूत्रावर. १९३४ साली गुणसूत्रांवर काम करणाऱ्या शास्त्रज्ञ बार्बरा मॅक्लिंटॉक यांनी दाखवलं की ती जागा मधोमध तुटली तरी दोन्ही तुकडे आपापली केंद्रिका घडवतात. जरूर वाचा, फार सुंदर काम आहे.

रायबो:
रायबोसोममधल्याच ५एस या छोट्या आरएनएची जनुकं मात्र या जागांवर नसतात. माणसात ती १ क्रमांकाच्या गुणसूत्रावर.

अधीरमन:
५एसचं मी विचारलंच नाहीये!

सूक्ष्मदृष्टी:
तुमची ही पाच जोड्यांतली गुणसूत्रं, ज्यावर ही जागा असते तो आखूड बाहू एकमेकांकडे करून बसतात. दोन ठिपके जोडून एकच वाटतो. मध्ये काळा धागा दिसतो का बघा.

अधीरमन:
आत्ता बघून आलो. एक मोठं आणि एक छोटं गुणसूत्र समोरासमोर, मध्ये बारीक काळी रेघ. तो मी एकच धरला होता! तसे धरून एका पेशीत ८ भरले, पण १० नाहीतच.

गुणसूत्री:
मग ८च लिहा. एकूण पेशी किती मोजल्यात?

अधीरमन:
पाच.

गुणसूत्री:
पाचांवर काही ठरत नाही. आज रात्री बसून निदान वीस तरी मोजा, आणि जोडलेले ठिपके वेगळ्या रकान्यात लिहा.

जुनी_लॅब:
नवी स्लाइड करणार असाल तर जिलेटिन ताजंच घ्या.