आइनस्टाईनचा मेंदू काचेखाली ठेवायचा काहून?

वर्धा रोडवाली: पोरगी यंदा एमबीबीएसला लागली, तिच्याशी बोलता बोलता विषय निघाला अन् रात्रभर डोक्यातून जाईना. 18 एप्रिल 1955 ला आइनस्टाईन गेले, त्यांना दहन पाहिजे होतं, पण पोस्टमॉर्टेम करणाऱ्या थॉमस हार्वीनं कोणाला न विचारता मेंदू काढून घेतला, त्याचे 240 च्या आसपास तुकडे केले आणि कित्येक वर्षं स्वतःजवळ बरणीत ठेवले. मुलाचा होकार नंतर घेतला. आधी काढायचं मग विचारायचं, याला परवानगी म्हणतात का? माझ्या मते असं जे जे घेतलं ते सगळं सन्मानानं माती नाहीतर अग्नी देऊन टाकावं.

मेडिकल चौक: ताई, डिसेक्शन हॉलमध्ये वर्षं काढलीत म्हणून विरोधात लिहून राहिलो. अमेरिकेतला रेल्वे कामगार फिनिअस गेज घ्या. 1848 ला सुरुंग ठासायची पहार गालातून शिरून डोक्याच्या वरून बाहेर पडली, माणूस वाचला पण स्वभाव पार बदलला. कवटी हार्वर्डच्या म्युझियममध्ये राहिली म्हणूनच 1994 ला तिची मापं घेऊन पहार मेंदूत नेमकी कुठून गेली ते कॉम्प्युटरवर काढता आलं.

वर्धा रोडवाली: गेजची कवटी घरच्यांनी दिली होती हो, तोच तर माझा मुद्दा! चार्ल्स बर्नचं सांगा. साडेसात फूट उंच आयरिश माणूस, 1783 ला अवघ्या 22 व्या वर्षी गेला, डॉक्टरांच्या हाती लागू नये म्हणून मला समुद्रात सोडा म्हणत होता. सर्जन जॉन हंटरनं देह मिळवलाच अन् सांगाडा दोनशे वर्षं लंडनच्या म्युझियममध्ये लोकांनी पाहिला.

मेडिकल चौक: चूकच झाली, मान्य. पण त्याच बर्नच्या दातांतून डीएनए काढून 2011 ला उंचीमागचा जीनमधला बदल सापडला आणि तोच बदल आज उत्तर आयर्लंडच्या काही घरांत आहे. त्यांची तपासणी वेळेत होते. हे पुरून टाकायचं?

धरमपेठकर: दोघंही एक गोष्ट सोडून राहिले. ठेवणं वेगळं, मांडणं वेगळं. आपण दीक्षाभूमीवर बाबासाहेबांच्या अस्थींपुढे माथा टेकतो, त्यात कोणाला कमीपणा वाटत नाही. आणि सारा बार्टमन, युरोपात तमाशात दाखवलेली दक्षिण आफ्रिकेची बाई? 1815 ला पॅरिसमध्ये वारली, तिचा मेंदू, सांगाडा म्युझियममध्ये मांडला, दक्षिण आफ्रिकेत माती मिळायला 2002 उजाडलं. ते शिकवणं नव्हतं, गोऱ्यांचा तमाशा होता.

वर्धा रोडवाली: माझ्या बाबांनी देहदानाचा फॉर्म स्वतः भरला होता, खाली आईची अन् माझी सही. त्यांच्यावर कोणती पोरं शिकली ठाऊक नाही, पण मला एक दिवस वाईट वाटलं नाही, कारण त्यांना विचारलं होतं. बर्न तर नाही म्हणून गेला होता.

मेडिकल चौक: ताई, तुमच्या बाबांसारख्यांवरच आम्ही शिकलो, नमस्कार त्यांना. लंडनवाल्यांनी 2023 ला म्युझियम पुन्हा उघडलं तेव्हा बर्नला काचेतून काढलं, ते बरोबरच केलं. पण हाडं अभ्यासासाठी आत ठेवलीत अन् ती समुद्रात सोडा म्हणाल तर माझा नकारच राहील.

वर्धा रोडवाली: आणि माझं म्हणणं, सोडाच. डीएनए तर काढून झाला न आता.