व्ही-क्रॉस, काळी माती आणि पांदण: आधी कशावर खर्च करू?

बगिचावाला (काटोल रोड)
नमस्कार मंडळी. मार्चमध्ये सेकंडहँड इसुझू डी-मॅक्स व्ही-क्रॉस पिकअप घेतली. २०२१ ची, १.९ लिटर, फोर बाय फोर. घर नागपुरात गोरेवाड्याला, संत्र्याचा बगिचा काटोलच्या पुढे. म्हणजे साठेक किलोमीटर डांबरी रस्ता आणि शेवटी दीड किलोमीटर पांदण, निव्वळ काळी माती. मागच्या रविवारी तिथंच फसली. आधी फोर-हाय (चारही चाकांना ताकद), मग फोर-लो (तेच, पण कमी वेग अन् जास्त जोर), तरी चाकं जागीच फिरून राहिली होती. शेवटी शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरनं ओढली. टायर २५५/६० आर१८, हायवेचे. गॅरेजवाला म्हणतो गाडी उंच करायचं लिफ्ट किट, चिखलाचे मड टायर, स्नॉर्केल (इंजिनची हवा छपराजवळून घ्यायचा पाइप) अन् समोर बुलबार (बंपरपुढचा लोखंडी गार्ड), सगळं एकदमच करा. तेवढे पैसे नाहीत भाऊ. सुरुवात कुठून करू?

धरमपेठकर
बुलबार यादीतून काढाच. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयानं राज्यांना त्यावर कारवाई करायला सांगितलं. धडकेच्या वेळी एअरबॅगच्या सेन्सरचं गणितही त्यानं बिघडू शकतं. कंपनीच्या मूळ रचनेत बदल करण्याविरुद्ध सुप्रीम कोर्टाचा जानेवारी २०१९ चा निकाल आहे. लिफ्ट किटआधी आरटीओत आणि विमावाल्याकडे विचारा.

पांदणवाला (उमरेड)
माझी २०१७ ची, २.५ लिटर. वावर उमरेडकडे, माती तुमच्यासारखीच. तुमची गाडी उंचीपायी फसली नाही भाऊ, टायरच्या खाचांत माती भरली म्हणून फसली. ही माती गिट्टीसारखी झडत नाही. चाकाला चिकटते, खाचा बुजतात आणि टायर गुळगुळीत होतो. मग फोर-लो टाकून काय होणार?

मड टायरच्या रुंद खाचा माती झटकतात, हे खरं. पण तुमचं १२० किलोमीटर जाणं-येणं डांबरावर आहे. तिथं ते आवाज करतात आणि ओल्या रस्त्यावर ब्रेक लांबतो. मी ऑल-टेरेन (डांबर आणि माती दोन्हीवर चालणारे) घेतले, तुम्हीही तेच घ्या, याच मापाचे. २६५/६० घेतले तर व्यास ७६३ चा ७७५ मिलिमीटर होतो, म्हणजे गाडी जेमतेम ६ मिलिमीटर उचलते आणि स्पीडोमीटर १.६ टक्के कमी दाखवतो. तेवढ्यासाठी कशाला?

दुसरं, हवेचा गेज आणि सिगारेट सॉकेटवर नाही तर थेट बॅटरीवर चालणारा कंप्रेसर. पांदणीच्या तोंडाशी थांबून रिकाम्या गाडीत हवा २० पीएसआयवर आणायची, डांबरावर चढण्याआधी पुन्हा भरायची. कळमन्याच्या बाजारात न्यायचे संत्र्याचे कॅरेट भरलेले असतील तर हवा अजिबात कमी करू नका, टायर रिममधून सुटतो. रिकाम्या पिकअपचा मागचा भाग हलका असतो, म्हणून मी पावसाळ्यात रेतीची दोन पोती हौद्यात मागच्या चाकांच्या वर बांधून ठेवतो. आणि फोर-हाय चिखलात शिरण्याआधी टाकायचं, फसल्यावर नाही. कोरड्या डांबरावर मात्र ते चुकूनही नको. पुढची-मागची चाकं वळणावर सारखी फिरत नाहीत, सगळा ताण गिअर आणि शाफ्टवर येतो.

आता माझं नुकसान सांगतो. तीन वर्षांपूर्वी उन्हातून तापलेली गाडी थेट नाल्यात घातली. तापलेल्या मागच्या हाऊसिंगवर (मागच्या ॲक्सलचे गिअर अन् ऑइल असतं ती पेटी) गार पाणी पडलं, आतली हवा आकसली आणि पाणी ओढून घेतलं. दोन महिन्यांनी ऑइल काढलं तर दुधासारखं पांढरं. बेअरिंग गेलं होतं. ब्रीदरचा (हाऊसिंगमधली हवा आत-बाहेर जायचा) पाइप थोडा लांब करून वर बॉडीपर्यंत नेला असता तर हे झालं नसतं. स्नॉर्केलच्या आधी हे काम करा, खर्च किरकोळ आहे.

आणि धुणं. नागपूरचं ऊन ४५ अंशांवर जातं, त्यात एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मधे वाळलेली माती असली की गाडी तापते. पाणी आतून बाहेर मारा, प्रेशर कमी ठेवा, नाहीतर जाळी दबते. रिमच्या आतली माती वाळली की ८० वर स्टिअरिंग थरथरतं आणि माणूस अलाइनमेंट करत बसतो. मागच्या ड्रममधली माती, प्रोपेलर शाफ्टचं ग्रीसिंग, मागच्या स्प्रिंग-पाट्यांचे यू-बोल्ट, हे पावसाळा संपला की एकदा बघायचंच.

बगिचावाला (काटोल रोड)
स्टिअरिंग थरथरतंय! मी अलाइनमेंटच करणार होतो. आज खाली वाकून पाहिलं, दोन्ही मागच्या रिममध्ये विटेएवढी माती. आणि ब्रीदरचा पाइप सापडला, पण त्याच्या टोकाला टोपीच नाही.

पांदणवाला (उमरेड)
मग आधी हाऊसिंगचं ऑइल काढून बघा. पांढरं निघालं तर टायरचे पैसे तिकडं वळवा. टायर पोळ्यापर्यंत थांबतील. तोपर्यंत पांदणीतल्या सगळ्यात वाईट जागी शेजाऱ्याबरोबर दोन ट्रॉली मुरूम टाकून घ्या, त्याचा ट्रॅक्टरही वाचेल. ऑइल कसं निघालं ते इथंच कळवा.